छत्रपती संभाजीनगर, वेरूळ, अजिंठा: म्हातारी माणसं आणि लहान मूल सोबत असेल तर कधी यावं?

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे. आई-वडील सत्तरीच्या पुढचे, वडिलांचे गुडघे दुखरे, मुलगी आठ वर्षांची, हाताशी चार दिवस. वेरूळ, अजिंठा, देवगिरीचा किल्ला आणि छत्रपती संभाजीनगर शहर बघायचं आहे. सगळीकडे ‘ऑक्टोबर ते मार्च’ असं लिहिलेलं सापडतं, नातेवाईक म्हणतात पावसातलंच वेरूळ खरं, आणि मुलीची मोठी सुट्टी मात्र मे महिन्यात. यातलं काय धरायचं?

‘ऑक्टोबर ते मार्च’ हे उत्तर चुकीचं नाही, पण त्याचा उपयोग फारसा नाही. या सहा महिन्यांत ऑक्टोबरची चिकट उष्णता येते, जानेवारीतली दहा-बारा अंशांची पहाट येते, नाताळची तोबा गर्दी येते आणि मार्चमधली छत्तीस अंशांची दुपारही येते. चारही वेळा वेगवेगळी बॅग भरावी लागते. तुमचा खरा प्रश्न हवामानाचा थोडा आणि चालण्याचा जास्त आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी, उघड्या उन्हात, सलग किती वेळ उभं राहता येईल, आणि तेवढ्या वेळात रांगेत किती जाणार, हे आधी पाहायचं. तारीख त्यावरून काढायची.

म्हणून आधी ठिकाणांचं बघू. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंचावर आहे. वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभरच्या आसपास, देवगिरी म्हणजे दौलताबाद वेरूळच्याच वाटेवर पंधरा किलोमीटरच्या आत. वेरूळच्या ३४ लेण्या साधारण दोन किलोमीटरच्या कड्यावर पसरल्या आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. लेण्यांच्या आत सावली आणि गारवा, पण एका लेणीतून दुसरीकडे जाताना डोक्यावर सरळ ऊन. अजिंठ्याला वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर ३० लेण्या आहेत. तिथे चालणं कमी, पण सुरुवातीलाच चढ आणि पायऱ्या, आणि दरी बंदिस्त असल्याने वारा अडतो. किल्ला तर सगळाच उघडा. शहरातल्या बीबी का मकबऱ्याच्या चौथऱ्यावर चपला काढाव्या लागतात. अजिंठ्यातल्या चित्रांच्या लेण्यांतही पादत्राणं बाहेरच राहतात आणि घृष्णेश्वराचं आवार तर देवळाचंच. ही अनवाणी चालायची बाब कुणी सांगत नाही. आपला काळा दगड, बसॉल्ट, एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरानंतर असा तापतो की लहान मूल दोन पावलांत कडेवर चढतं.

आता तुमच्यासाठी खास एक गोष्ट. तुम्ही कोकणातले आहात, म्हणून ऊन आणि पाऊस या दोन्ही शब्दांचा तुमचा अर्थ इथे चालणार नाही. रत्नागिरीत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे वर्षाला सातशेच्या आसपास. त्यामुळे ‘पावसाळ्यात सहल बुडेल’ ही तुमची भीती इथे बहुतेक वेळा फोल ठरते. उलट उन्हाचं. तुमच्याकडे तेहतीस-चौतीस अंशांत घामाच्या धारा लागतात, म्हणजे शरीर ओरडून सांगतं की पाणी प्या. इथलं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन कोरडं. घाम येतो तसा उडून जातो, अंग कोरडंच राहतं, आणि माणसाला वाटतं की आपल्याला काही होत नाहीये. संध्याकाळी डोकं धरतं, लघवी पिवळी होते, मुलांचा घोळणा फुटतो. किनाऱ्याकडची माणसं उन्हाळ्यात इथे येऊन आजारी पडतात ती बहुतेक याच कारणाने.

तर मे आधी निकालात काढू. साधारण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्या कुटुंबाने येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तरुण जोडपं असतं तर वेगळं बोललो असतो, कारण मेमध्ये लेण्या रिकाम्या मिळतात. अडचण अशी की वेरूळ पहाटे गाठता येतं, अजिंठा नाही. वेरूळची दारं सूर्योदयाच्या सुमारास उघडतात. तिथे सहा-साडेसहाला पोचलं की कैलास, म्हणजे १६ नंबरची लेणी, आरामात बघून होते. कैलास पश्चिमाभिमुख आहे आणि मागचा, पूर्वेकडचा कडा तीसेक मीटर उंच. सूर्य त्या कड्यामागून वर येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ अख्खं प्रांगण सावलीत असतं. अजिंठा मात्र नऊला उघडतो. शहरातून निघून गाडी पार्किंगला लावा, तिथून बसने चार किलोमीटर आत जा, पायऱ्या चढा, की दहा-साडेदहा वाजलेच. मग तिथून पुढचे तीन तास दिवसातले सगळ्यात वाईट. सत्तरीच्या माणसाला या भट्टीत का न्यायचं?

तरीही मेच नशिबी असेल तर दिवस मोडून दोन तुकड्यांत घ्या. सकाळी सहा ते साडेदहा बाहेर, त्यानंतर थेट साडेचार-पाचपर्यंत खोलीत, मग मकबरा किंवा पाणचक्की. अजिंठ्यासाठी आदल्या रात्री फर्दापूर भागात मुक्काम करा म्हणजे नऊच्या ठोक्याला आत जाता येईल आणि बाराच्या आत बाहेर. माणशी दर दोन तासांना एक लिटर पाणी धरा, त्यात एकदा तरी मीठ-साखर-लिंबू किंवा ओआरएस. डोक्याला टोपीपेक्षा पांढरा सुती रुमाल किंवा उपरणं बरं, कारण ते कान आणि मान झाकतं. जाड मोजे न्या. अनवाणी ठिकाणी मोजे घालून चालता येतं. आणि हॉटेल ठरवताना एसी आहे का हे विचारण्याआधी पाण्याचं विचारा. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. उन्हाळ्यात हॉटेलं बोअर आणि टँकरवर चालतात, आणि टँकर उशिरा आला की सकाळी सहाच्या आंघोळीचा बेत कोलमडतो.

पावसाळ्याबद्दल नातेवाईक सांगतात त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच सांगतात. मृगाच्या सरी साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतात, तेही विजा आणि वादळ घेऊन. जून सोडून द्या. डोंगर अजून तपकिरी असतात, हवेत उकाडा असतो. जुलैत हिरवं व्हायला लागतं, पण कधी दोन-तीन दिवस झड लागते आणि चार दिवसांच्या सहलीतले दोन दिवस खिडकीतून बघण्यात जातात. पावसाळ्यातला माझ्या पसंतीचा काळ म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. तोवर म्हैसमाळ, वेरूळचा डोंगर, अजिंठ्याची दरी पुरती भरलेली असते, दिवसाचं तापमान तिशीच्या आत असतं, आणि पाऊस पडला तरी सहसा दुपारनंतर तास-दोन तास पडून उघडीप देतो. वेरूळला २९ नंबरच्या सीतेच्या न्हाणीजवळचा धबधबा आणि अजिंठ्याच्या टोकाला असलेलं सप्तकुंड याच दिवसांत पाहावं. नोव्हेंबरात जाऊन ‘धबधबा कुठाय’ विचारणारे दरवर्षी असतात. तेव्हा तिथे ओली शेवाळ्याची रेघ असते, बस.

पण पावसात काय हातचं जातं, तेही ऐका. अजिंठा म्हणजे चित्रं. ती १, २, १६ आणि १७ या लेण्यांत सगळ्यात चांगली उरली आहेत आणि जपणुकीसाठी आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे. बाहेर स्वच्छ ऊन असलं की दारातून येणारा उजेड जमिनीवरून उसळून भिंतींवर जातो आणि डोळे सरावले की रंग उमलतात. आभाळ भरलेलं असेल तर १ नंबरच्या लेणीतल्या पद्मपाणीचा, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचा, चेहराही नीट लागत नाही, आणि फ्लॅश तर मारता येतच नाही. म्हणजे निसर्गासाठी येणार असाल तर ऑगस्ट, चित्रांसाठी येणार असाल तर कोरडे महिने. दोन्ही एकाच खेपेत शंभर टक्के मिळत नाही. दुसरं, शेवाळ. किल्ल्याच्या पायऱ्या आणि अजिंठ्याचा दगडी जिना ओला झाला की साबणासारखा होतो. वडिलांच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा अशा पायऱ्या उतरणं धोक्याचं. छत्री इथे उपयोगाची नाही, कारण एक हात कठड्याला हवा आणि दुसऱ्यात काठी. रेनकोट घ्या, रबरी तळव्याचे खाचांचे बूट घ्या.

आणखी एक. मराठवाड्यातला पाऊस बेभरवशाचा. ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे खंड पडतो, दुष्काळी वर्षी सप्टेंबर उजाडला तरी डोंगर पिवळेच असतात. म्हणून पावसाळी सहल सहा महिने आधी ठरवू नका. आठ-दहा दिवस आधी इथल्या कुणाला तरी फोन करून विचारा की डोंगर हिरवे झालेत का, नद्या वाहतात का, आणि मगच निघा. पैठणला नाथसागर भरला आणि धरणाचे दरवाजे उघडले की ते पाहायला सगळा जिल्हा लोटतो. ते दृश्य बघण्यासारखं असतं, पण त्या दिवशी पैठण रस्त्यावर लहान मूल घेऊन अडकू नका.

श्रावणाची गर्दी हा पावसाळ्यातला खरा खोडा. घृष्णेश्वर बारावं ज्योतिर्लिंग. ते लेण्यांपासून किलोमीटरभर अंतरावर, त्यामुळे श्रावणी सोमवारी वेरूळचा रस्ता, पार्किंग, हॉटेलं सगळं भरलेलं. श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला शहरातून लोक रात्रभर पायी चालत जातात; शुक्रवारी रात्रीपासून दौलताबाद घाटाच्या बाजूने गाडी काढणं म्हणजे शिक्षा. एरवीही दौलताबादच्या तटातल्या अरुंद दरवाज्यातून वाहनं निघतात तिथे कोंडी होते, त्या दिवसांत तर बोलायलाच नको. श्रावणात यायचंच असेल तर मधले वार धरा. बाकी गणपतीत तुम्हाला बोलावण्यात अर्थ नाही, कोकणातला माणूस तेव्हा घर सोडून कुठे जातो?

सप्टेंबरच्या मध्यानंतर उत्तरा-हस्ताचे पाऊस येतात, गडगडाटासह, दुपारी चारच्या पुढे. हत्तीचा पाऊस एकदा सुरू झाला की अंगणात गुडघाभर पाणी करून जातो. या काळात सकाळ मोकळी असते, म्हणून बाहेरची ठिकाणं एकच्या आत उरकायची. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. मुख्यमंत्री ध्वजारोहणाला शहरात येतात, त्या दिवशी आणि आदल्या संध्याकाळी रस्ते बंद-चालू होत राहतात. मग नवरात्र, छावणीतली कर्णपुऱ्याची यात्रा आणि दसरा. दसऱ्याला विद्यापीठामागच्या बुद्ध लेण्यांकडे धम्मचक्र प्रवर्तन दिनाची मोठी गर्दी असते, मकबरा त्याच बाजूला. तसंच १४ जानेवारी, विद्यापीठाचा नामविस्तार दिन. विद्यापीठाच्या कमानीसमोर दूरदूरहून लोक येतात. संक्रांतीची सुट्टी जोडून मकबरा बघायला निघालेल्यांना हे माहीत नसतं आणि तिकडच्या रस्त्यांवर तास-दीड तास जातो. ज्यांना तो सोहळाच पाहायचा आहे त्यांनी जरूर यावं. मकबऱ्यासाठी मात्र दुसरा दिवस घ्यावा.

ऑक्टोबरबद्दल लोकांची फसगत होते. पाऊस गेला म्हणजे हिवाळा आला असं नाही. मधे पंधरा-वीस दिवस ऑक्टोबर हीट असते: दुपारी बत्तीस-चौतीस अंश, जमिनीत ओल, त्यामुळे घामट हवा, आणि वर कधीही परतीचा पाऊस. म्हणून ‘दिवाळीच्या सुट्टीत येऊ का’ या प्रश्नाचं उत्तर दिवाळी कधी आहे त्यावर ठरतं. ती कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी नोव्हेंबरच्या दुसऱ्या. लवकर आलेल्या दिवाळीत तुम्हाला दमट दुपार आणि भिजलेले रस्ते मिळतील. उशिरा आलेली दिवाळी असेल तर हवा अगदी जमून आलेली असते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे हे वर्ष तुमच्या बाजूचं.

त्यातही दिवाळीचा आठवडा नको. पाडव्यापासून पाच-सहा दिवस गुजरात, मुंबई, पुण्याकडची कुटुंबं शिर्डी-शनिशिंगणापूर-वेरूळ-अजिंठा अशी एकच माळ ओवत येतात. मी सहसा सुचवतो तो काळ म्हणजे भाऊबीजेनंतरचा शनिवार-रविवार सोडून पुढे तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस. कारण असं: दिवाळीचे पर्यटक परतलेले असतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, म्हणून हॉटेलच्या खोल्या वऱ्हाडांनी अडवलेल्या नसतात आणि बीड बायपासवरच्या लॉन्स आणि मंगल कार्यालयांसमोर वरातीत गाडी अडकत नाही. शाळांच्या सहली अजून सुरू झालेल्या नसतात. दिवसाला एकोणतीस-तीस अंश, रात्री पंधराच्या आसपास, आभाळ धुतल्यासारखं, गवत अजून पुरतं वाळलेलं नाही. दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्याकडेला सीताफळं संपत आलेली, पेरू सुरू झालेले. अवकाळीचा एखादा शिडकावा सोडला तर बेत मोडायचं कारण नसतं.

डिसेंबर हवेला झकास, पण दुसऱ्या आठवड्यापासून शाळांच्या सहलींच्या एसटी गाड्यांची रांग लागते. अजिंठ्यातल्या १ नंबरच्या लेणीत एकावेळी मोजकीच माणसं सोडतात, आणि समोर दोनशे पोरांची रांग असेल तर वडिलांना अर्धा तास उभं राहावं लागेल. नाताळ ते २ जानेवारी तर विसराच. खोल्यांचे दर दुप्पट मागतात.

जानेवारीच्या शेवटी, २६ तारखेची जोडसुट्टी उलटल्यावर, दुसरी चांगली खिडकी उघडते आणि ती महाशिवरात्रीच्या आधीपर्यंत टिकते. महाशिवरात्रीला वेरूळला यात्रा भरते. या दिवसांत दुपार तिशीची, पहाट बारा-तेराची. सत्तरीच्या माणसांना पहाटेची थंडी लागते, म्हणून स्वेटर आणि कानटोपी आणा. रत्नागिरीच्या घरात कदाचित सापडणारही नाहीत. कोरड्या थंडीत ओठ आणि टाचा फुटतात, व्हॅसलीनची डबी पर्समध्ये असू द्या. पैठणला नाथसागराच्या काठावर स्थलांतर करून आलेले पक्षी असतात, रोहित आणि पट्टकादंब दिसायची शक्यता याच महिन्यांत. आणि हुरडा! रब्बी ज्वारीची कोवळी कणसं शेकोटीत भाजून, हातावर चोळून, गूळ, दही आणि शेंगदाण्या-लसणाच्या चटणीबरोबर. मुलीला लेण्यांपेक्षा तेच जास्त आठवणीत राहील, पैज लावा. अडचण एवढीच की तिला तीन दिवस शाळा बुडवावी लागेल. दुसरीतल्या पोरीचं तीन दिवसांत काही बुडत नाही, पण ते तुम्ही आणि तिच्या बाईंनी ठरवायचं.

मार्चमध्ये दुपार तापायला लागते, पण सकाळ अजून चांगली असते. एक लाभही आहे: वेरूळचं १० नंबरचं विश्वकर्मा लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि मार्चमध्ये काही दिवस मावळतीकडे झुकलेली किरणं आत थेट बुद्धमूर्तीपर्यंत जातात. धोका गारपिटीचा. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. तशी दरवर्षी होत नसली तरी वीज-वाऱ्यासह अवकाळी येतोच. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठीची यात्रा. वारी बघायची नसेल तर तो आठवडा पैठणसाठी टाळा.

महिना ठरला तरी वार चुकला तर सगळं फुकट जातं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याचा परिणाम माहीत नसतो: सोमवारी अजिंठ्याची माणसंही वेरूळकडे वळतात, शिवाय घृष्णेश्वराचा सोमवार, आणि मंगळवारी सगळे पर्यटक अजिंठ्यात गोळा होतात. शनिवार-रविवार गावातलीच गर्दी. उरतात बुधवार, गुरुवार, शुक्रवार. चार दिवसांची सहल मंगळवारी दुपारी पोचून शनिवारी सकाळी निघेल अशी बसवा.

तुमच्यासाठी दिवस असे लावेन. रत्नागिरीहून गाडीने एका दमात येऊ नका, पाचशे किलोमीटरच्या वर होतं. पुण्यात मुक्काम करा, मंगळवारी दुपारपर्यंत इथे. त्या संध्याकाळी फक्त मकबरा. उतरत्या उन्हात त्याचा चुन्याचा गिलावाही संगमरवरासारखा दिसतो आणि फरशी निवलेली असते. संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला आहे, मधलं सगळं चुन्याचं काम, हे मुलीला शोधायला सांगा.

बुधवारी वेरूळ. हिवाळ्यात पहाटे जायची गरज नाही, नऊला पोचा. आधी १०, १२ नंबरच्या बौद्ध लेण्या, मग आतल्या बसने किंवा ई-गाडीने ३२ नंबरची जैन लेणी, म्हणजे वडिलांचं लांबचं चालणं वाचेल. जेवून, थोडं टेकून, तीननंतर कैलास. सकाळची सावली उन्हाळ्यात वरदान असते, पण हिवाळ्यात कैलास दुपारनंतरच पाहावा. पश्चिमेचं ऊन समोरून येतं आणि रावण कैलास हलवतोय तो पट, हत्तींची ओळ, वरची कमळं सगळं उठून दिसतं. खालचं प्रांगण बरंचसं सपाट आहे. वरच्या मंडपाचा जिना उंच पायऱ्यांचा आणि अंधारा, तिथे वडिलांना नेऊ नका. घृष्णेश्वर त्याच दिवशी, सकाळी लेण्यांच्या आधी. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढून जावं लागतं, म्हणून थंडीत सोबत शाल असू द्या.

गुरुवारी अजिंठा. सातला निघा. वाटेत फुलंब्री, सिल्लोड, चहा-नाश्ता सिल्लोडला. पायथ्याशी डोलीवाले असतात. वडिलांसाठी डोली घ्याच, त्यात कमीपणा नाही. जाऊन-येऊन आणि थांबण्याचा वेळ धरून दर आधीच पक्का करा. आत गेल्यावर बाकी लोक १ नंबरपासून सुरुवात करतात, म्हणून तिथे सकाळी रांग. तुम्ही सरळ पुढे जा: १६, १७, १९, मग २६ मधला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, आणि परतताना बाराच्या सुमारास १ आणि २. तेव्हा रांग ओसरलेली असते. प्रत्येक चित्रांच्या लेणीत शिरल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावू द्या, मोबाइलचा पडदा बघू नका. अत्तर किंवा उग्र सुगंधी तेल लावून जाऊ नका. या कड्यांवर आग्यामोहोळं असतात, आणि मधमाश्या उठल्या तर दुखऱ्या गुडघ्यांनी पळता येत नाही. चारच्या बसने खाली या. हिवाळ्यात सहाच्या आत अंधारायला लागतं आणि परतीचा रस्ता दोन-अडीच तासांचा.

शुक्रवारी देवगिरी. इथे कुटुंबाची फाळणी करायची. चांदमिनार, भारतमाता मंदिर, हत्ती हौद, चिनी महाल आणि खंदकापर्यंतचा भाग आई-वडिलांना जमेल. त्यापुढे अंधारी, म्हणजे खडकातून जाणारी काळोखी वाट, आणि मग वर बारादरीकडे पायऱ्याच पायऱ्या, एकूण साडेसातशेच्या आसपास. तुम्ही आणि मुलगी टॉर्च घेऊन जा, चढायला तास-सव्वा तास धरा. हातात खाण्याची पिशवी दिसली की माकडं सोडत नाहीत, सगळं बॅगेत. संध्याकाळी पाणचक्की आणि हिमरू-पैठणीची खरेदी. मांसाहारी असाल तर जुन्या शहरात नान-खलिया, पण तो आई-वडिलांना रात्री जड जाईल, दुपारीच खा.

तिकिटं फोनवर आधी काढून ठेवा, रांग वाचते. १५ वर्षांखालच्या मुलांना या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी तिकीट नाही. हॉटेलला विचारायच्या गोष्टी तीनच: लिफ्ट आहे का, चोवीस तास पाणी आहे का, आणि त्या तारखांना त्यांच्या हॉलमध्ये लग्न आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरं हॉटेल बघा. आई-वडिलांना रात्री बारापर्यंत डीजेच्या तालावर झोप लागायची नाही.